थोरले

सोमवारी दहा शर्ट येतात, सारे पांढरे.
कोळसा फुलेस्तोवर मी कॉलरी पाहून घेते,
पंधराची बुटक्याची, साडेसोळाची उंच पोट्ट्याची.

दोघांच्या पाटीवर एकच नाव : एल्डर.
मंजे काय रे बाप्पा? तर म्हणे, थोरला.
दोघंही थोरले? मंग धाकटा कोन?
हसले. चहा तेवढा घेतला नाही.
तेव्हापासून बेलाचं सरबत ठेवते माठाजवळ.

रोहण्यापर्यंत जातात सायकलीनं, भर मे महिन्यात टाय बांधून.
दारं लागतात. परत येतात
पाठीवर मिठाचे नकाशे घेऊन.
देवाचं मला एकदाच बोलले.
मी म्हटलं, घरी बुद्ध आहे माझा.
उंच्या उठला,
हापशीवरून दोन गुंड पाणी आणून ठेवलं.

आज साडेसोळाची कॉलर नाही.
चौदाची आहे, कोरी, दुकानातल्या घडीची.
बदली झाली, मावशी.

त्याचा एक शर्ट राहिलाय माझ्याकडे, बटणासाठी.
कॉलरीच्या आत निळ्या दोऱ्यानं शिवलेली अक्षरं,
आईचाच हात, टाका ओळखू येतो.
इतके महिने त्यावरून इस्त्री फिरवली,
विचारलं नाही.

नातीनं वाचलं : डॅलिन.

शेंडेफळ असन घरचं.