एल्ली नोवु

खानापूरच्या दवाखान्यात, माडीवर,
आम्ही चौदाजणी, पंखा एक.
शिवलीला मॅडम कानडीत सांगतात,
मी देवनागरीत उतरून घेते:
एल्ली नोवु? कुठं दुखतंय?
विचारायचं, आणि मग गप्प ऱ्हायचं.

गप्प ऱ्हायला मला येतं की.
अकरा वर्षं काजूच्या फॅक्टरीत
दुसरं काय केलं?
बोटं अजून काळीच हाईत.

आज सरावाला फिलोमिना पेशंट.
गुडघा म्हणायचं ठरलेलं.
मी विचारलं, आधी मराठीत,
मग वहीत बघून कानडीत.
ती माझ्या बोटांकडं बघत बसली.
पंखा फिरला.
"घरात," म्हणाली.

फॉर्मवर डोकं, छाती, पोट, पाय,
सगळ्यांना चौकटी हाईत.
मी पेनाला टोपण लावलं
आणि खुर्ची जरा पुढं ओढली.