दंडोबाच्या चढावर

दंडोबाच्या चढावर, तिसऱ्या वळणाला
इंजिन बोंबलतंय, चाक मात्र सुस्त.
मुरूम तापलेला. मी ढकलतोय.

बाबालाल मुलाणी झाकण काढतो,
बोटांत तेल चोळतो, हुंगतो.
"बोलेरोचं वतलंस?"
मामानं दिलं होतं. डब्यात उरलेलं, भारीतलं.

"मोटारीचा क्लच कोरडा असतोय.
हिचा दिवसरात तेलात बुडालेला.
लई गुळगुळीत पाजलंस
की प्लेटा एकमेकींना धरतच न्हाईत."

नव्या डब्याच्या पाठीवर नखानं दाखवतो
एवढीशी अक्षरं: एम ए.
जुनं तेल तसराळ्यात पडत राहतं,
अजून मधासारखं, नितळ.

उतरत्या उन्हात पुन्हा तोच चढ.
क्लच अर्धं बोट सोडतो न सोडतो
तोच मागचं चाक खडे उडवतं.

रात्री मामाला म्हणालो,
तेल एकदम भारी होतं.