सुईचा वाटा

माहेर माझं खाडीच्या तोंडाशी.
तिथे फाटायचं ते जाळं.
वर सड्यावर दिली मला,
इथे फाटतात कुत्रे.
गाठ मात्र तीच.
खाली सूत आहे की कातडं
हे बोटांना पहिल्या टाक्यापुरतंच कळतं.

फाल्गुनात वायंगण पोटरीला आलं
की बुधाजी घाडी पाणंदीत उभा राहून
गाऱ्हाणं घालतो, नारळ ठेवतो,
फॉरेस्टवाल्याची नजर दुसरीकडे वळव रे,
हेही त्यातच हळूच गुंफतो.
'व्हय म्हाराजा,' म्हणतात बाकीचे,
जरा जास्तच मोठ्याने.

मग हाकारे, तेलाचे डबे, एक फुटका ताशा,
ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळलेली,
आणि पुढे कुत्रे:
काजळ्या, भोंगा, लंगडी तांबी,
आणि मिरी,
जिचा डावा कान मीच शिवलाय
कंदिलाच्या उजेडात, थोडा उलटा.

रीत अशी:
ज्याचा बार लागला त्याला मुंडी,
हाक्याला गेलेल्यांना सारखे वाटे,
काळजाचा तुकडा देवाला,
कुत्र्याचा वाटा कुत्र्याच्या धन्याला,
आणि सगळ्यात शेवटी, सागाच्या पानात,
सुईचा वाटा.
मी खाते. खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी पान आलं नाही.
दिवेलागणीला झिलू आला नुसत्या चड्डीत,
लुंगीत मिरी.
'वैनी, सुई हाड. डुकरान फाडल्यान.'

बरगडीखाली वीतभर.
सुळा खालून वर जातो,
कोयतीने कोंब छाटावा तसा.
झिलूच्या पोराने मोबाईलची बॅटरी धरली,
धरली कसली, हलवली.
हळद, खोबरेल,
उराक अर्धा जखमेवर
आणि अर्धा झिलूच्या घशात.
सुरमईच्या जाळ्याचा दोरा. अकरा टाके.
शिवताना डोळ्यांकडे बघायचं नसतं.
जाळ्याला हजार डोळे,
पण त्यातला एकही आपल्याकडे बघत नाही.

'जगात मां?'
म्हटलं, लुंगी धू आधी.

पहाटे पाणी सोडायला गेले
तर खालच्या कुणग्यात तो बसलेला.
आधी वाटलं, बांध ढासळला.
मग बांधाने श्वास घेतला.
चिखलाने लिंपलेला, केस ताठ,
मागची मांडी उघडी,
आणि मांसावर दातांची ओळ,
मधेच एक जागा रिकामी.
मिरीचा एक सुळा गेल्या वर्षी तुटला होता.

कापड असतं तर सहा टाक्यांचं काम.
सुई माझ्या पदराला कायम टोचलेली असते.
हात पदराकडे गेला.
बस्, एवढंच.
गेला आणि परत आला.
त्याने मान वळवली नाही,
फक्त कानावरची माशी उडवली.

वरून माणसं आली रक्ताच्या थेंबांवरून,
कातळावर थेंब सुकले, तिथे थांबली.
'खंय गेलो गो?'
मी व्हाळाकडे बोट केलं.
बोटाला चिखल होता, तो कुणी पाहिला नाही.

का, ते विचारू नका.
नवऱ्याला सांगितलं,
दहा माणसांनी भात तुडवलं असतं.
तेही खरंच होतं.
पुढे चैत्रात कुणीतरी
माझ्या रताळ्यांच्या दोन ओळी उकरल्या.
कुणी, ते मी पाहायला गेले नाही.

घरी आले तर मिरी चुलीपाशी,
गोणपाटावर, जिवंत.
माझी पावलं हुंगली तिने,
घोट्यापर्यंत, पुन्हा खाली.
घशात काहीतरी दाटलं,
अकराच्या अकरा टाके ताणले.
गप, म्हटलं, गप गो.
ती गप झाली.
मान टाकली, डोळे मिटले.

तो कान मात्र,
मी उलटा शिवलेला,
कुणग्याच्या दिशेला तसाच उभा.