किती वजन होतं

केमीत नोव्हेंबरातला सूर्य येतो
तोच परतीचं तिकीट काढून.
तीनला दिवे लागतात,
आणि मंगळवार असेल तर
जुन्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत
मी कॉफीचं आधण ठेवते.
आठ खुर्च्या. एक डुगडुगते,
तिच्यावर मी बसते.

दाराशी बर्फावरची ढकलगाडी उभी असते,
खाली लोखंडी पट्ट्या, पुढे लाकडी आसन,
म्हातारी माणसं वाणसामान आणायला वापरतात तसली.
येणारे तिच्यावर टोप्या टाकतात, हातमोजे टाकतात.
मी काही म्हणत नाही.

पहिल्या दिवशी मुद्द्याचं कुणीच बोलत नाही.
निसरडा रस्ता, सरपणाचा भाव,
सिर्काच्या बहिणीचा गुडघा.
मी त्याच्या खालचं ऐकते.
हा कान मला शाळेनं दिला नाही.
सात वर्षांची होते तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या
जिन्यावरच्या बुटांवरून सांगायचे
आज किती झालीय,
आणि किल्ली भोकाभोवती किती वेळ फिरेल.
पहिल्या फटक्यात लागली
की जास्त भीती वाटायची.

बाबा, म्हणजे रेइनो, कागदगिरणीत होते.
पगाराच्या रात्री आई घड्याळाकडे बघायची,
मग माझ्याकडे.
बस, एवढंच.
उणे पंचवीस, उणे सव्वीस.
गाडी घेऊन मी निघायचे.
बसथांबा, टपरीची मागची बाजू, गोदामाची भिंत,
तिन्ही ठिकाणं पाढ्यांसारखी पाठ.
सापडले की आसनावर बसवायचं,
आईच्या शालीनं बांधायचं,
एक पाय पट्टीवर, दुसरा बर्फावर मारत मारत
घर.
शेजारी आपापले पडदे सरळ करायचे.
सकाळी बाबा विचारायचे,
"काय गं, झोप झाली का?"

गेल्या मंगळवारी मावशीबरोबर एक मुलगा आला.
ओन्नी. बारा वर्षांचा असेल.
बिस्किटं खाईना, कोट काढीना.
गाडीची गोष्ट मी अर्ध्यावर आणली तेव्हा म्हणाला,
"किती वजन होतं त्यांचं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
आई का नाही गेली, हे विचारतात.
पोलिसांना का नाही सांगितलं, हेही.
मी म्हटलं, "एकोणऐंशी किलो.
गिरणीच्या डॉक्टरच्या कागदावर होतं."
"माझी आई एकसष्ट आहे," तो म्हणाला,
आणि बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

मग मी ते सांगितलं
जे सांगायला मला स्वतःला
याच खोलीत चार हिवाळे लागले होते:
सोळाव्या वर्षी एका रात्री मी गेले नाही.
दुसऱ्या दिवशी भूगोलाची परीक्षा होती.
नाही, खोटं. परीक्षा नव्हती.
उणे नऊ होतं. निजण्याआधी खिडकीतला पारा
मी बघून ठेवला होता.
मग पांघरूण डोक्यावरून घेतलं.

पहाटे दूधवाल्याला ते सापडले.
डाव्या पायाची दोन बोटं गेली.
पुढे नऊ वर्षं जगले, नऊ वर्षं प्यायले.
त्या रात्रीबद्दल अवाक्षर नाही,
त्यांच्या तोंडून, ना माझ्या.

सिर्काच्या सुया थांबल्या होत्या.
ओन्नीनं कोटाचं वरचं एक बटण काढलं.
"मग ही गाडी कशाला ठेवलीस?"
मी तिच्याकडे बघितलं.
सहा टोप्या, एक मफलर,
कुणाचा तरी उलटा पडलेला मोजा.
"टोप्या ठेवायला," मी म्हटलं.
त्याला ते पटलं नसावं.
मलाही पूर्ण पटत नाही.

निघताना त्यानं हात पुढे केला.
त्याच्या तळव्यावर मी फोन नंबर लिहिला,
पेन गारठलेलं, आकडे दोनदा गिरवावे लागले.
"रात्री दोनला केला तर चालेल?"
"कर," मी म्हटलं.
"दोनला मी जागीच असते.
सवय."