जॅकेटला शोभेल असा

दुकानाची घंटा वाजली आणि आधी आत आला
घोड्याच्या कातड्याचा वास.
मागून सोएदा. त्सुरुगाच्या बंदरात क्रेन चालवतो,
वय सत्तावीस, कान जरा वरखाली.
चष्मेवालीला माणसाचं आधी हेच दिसतं.

"तोकिए-सान, याला शोभेल असा काळा चष्मा द्या."
याला म्हणजे जॅकेटला. चेहऱ्याचं नावही काढलं नाही.
तीन पगार घातलेत म्हणाला. शिवलंय ओकायामात,
पण टाका न् टाका जुन्या अमेरिकन वैमानिकांचा,
चेनसुद्धा मुद्दाम अडकणारी.

आता साबाएत, तेही डिसेंबरात, काळा चष्मा!
आमच्याकडे म्हणतात, डबा विसरलास तर विसर,
छत्री विसरू नकोस.
सूर्य इथे घाईतल्या पाहुण्यासारखा येतो,
चहाही न घेता जातो.
तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी खण उघडला.

सोनेरी तारेचा, थेंबाच्या आकाराचा,
तो उचलून आधी बाजूला ठेवला.
"अहो, तोच तर हवाय!"
"सगळ्यांना तोच हवा असतो.
या कातड्यावर सोनेरी तार म्हणजे
नवरदेवानं करवलीचेही दागिने घालणं.
केसाळ कॉलर असती तर जाड काळी फ्रेम दिली असती.
हिरवं नायलॉन, आत नारिंगी अस्तर, त्याला पारदर्शक.
असल्या जुन्या तपकिरीला सेल्युलॉइडच,
कासवाच्या पाठीसारखं. घासताना कापराचा वास येतो त्याला,
माझ्या बोटांना साठ वर्षं येतोय."

तो खांदे बघायला आरशाकडे वळला
आणि मला पाठ दिसली.

पिवळे बॉम्ब. बोटाच्या पेराएवढे. ओळींनी.
बिजागरीचे स्क्रू मोजावेत तसे मी मोजले.
एकतीस.

ते आले तेव्हा रात्र होती.
मी सहा वर्षांची, आसुवा नदीत गळ्यापर्यंत,
डोक्यावर आईनं भिजवलेली गोधडी.
रात्री येणाऱ्यांना काळा चष्मा कशाला लागतो?
इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी पडला नव्हता,
दुकानात पडला, हातात पुसायचं कापड असताना.
नदीवर इतका उजेड होता
की लागतही असेल.

"बस," मी म्हटलं. "आधी नंबर बघू."
"माझे डोळे चांगले आहेत."
"क्रेन चालवतोस ना?"
शेवटून तिसऱ्या ओळीत अडखळला.
डावा पाऊण, उजवा त्याहून थोडा बरा.
मग काळ्याचं राहिलंच.
तपकिरी फ्रेममध्ये साध्या काचा बसवल्या,
गरम वाळूत काडी धरून वाकवली,
उजव्या कानाला दोन मिलिमीटर खाली.

गुरुवारी न्यायला आला. आरशात स्वतःवर खूश.
मग म्हणाला, पाठ बघू दे.
मी मागे हातआरसा धरला.
"अरे, केवढं बारीक काम! यांना शेपट्यासुद्धा आहेत!"
आणि त्याचे ओठ हलायला लागले.
"तीस."
"एकतीस," मी म्हटलं.
"नाही हो, हा शेवटचा रंगाचा ओघळ आहे. बघा ना."
मी माझा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून बघितलं.
ओघळच होता.

तुम्ही कधी मोजलेत, असं त्यानं विचारलं नाही.
वाकला, पैसे ठेवले, गेला.

बाहेर पावसात बर्फ मिसळलं होतं.
छत्री माझ्याच कोपऱ्यात उभी.
हाक मारायला दार उघडलं तर तो पार पुलाशी,
जॅकेट काढलेलं, उलटं करून,
अस्तर बाहेर, काखेत घट्ट.
कातडं भिजू नये म्हणून असेल.
सदरा मात्र पाठीला चिकटलेला,
आणि दर चार पावलांवर थांबून
तो चष्मा सदऱ्याच्याच टोकाला पुसत होता.
कापड मी दिलं होतं, डबीत घालून.
डबी जॅकेटच्या खिशात.