हाफ क्लच

किटचे एकशे चाळीस युरो.
हे मी आधी सांगतो, लोकांना वाटतं तेवढंच.
मग सांगतो, क्लचप्लेट बसते
इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बेचक्यात.
तिथवर पोचायचं तर बॅटरी काढा, चाकं काढा, एक्सल ओढा,
गिअरबॉक्स तान्ह्या वासरासारखा
दोघांनी मिळून खाली उतरवून घ्या,
आणि एवढं करून हाती लागते
ताटलीएवढी एक चकती.
सहा तास. तासाला पस्तीस.
वस्तू स्वस्त असते, बाई, पोचणं महाग.

देओलिंडा तावारेस उभ्यानेच ऐकत होत्या.
सव्वीस वर्षांची क्लिओ, हिरवी, टपावरचा रंग उडालेला.
विकली तर सहाशे येतील,
तेही गिऱ्हाईक आंधळं असेल तर.
माझा भाचा रुइ टायरांमागून बोललाच,
सोन्याहून घडणावळ जड होतेय, भंगारात द्या.
मी त्याला पाना फेकून मारला नाही, एवढंच.
त्या म्हणाल्या, "करा."

बुधवारी उघडली.
आमचं कोविल्यां डोंगराच्या कडेला लटकलेलं,
इथं क्लच लवकर मरतात, त्यात नवल नाही.
पण ह्या प्लेटचं अस्तर जाऊन रिबिटं उघडी पडलेली
आणि फ्लायव्हीलवर निळे डाग,
रिकामा तवा विसरला की येतात तसे.
म्हणजे कुणीतरी गाडी चढावर
ब्रेक न दाबता, हँडब्रेक न ओढता
नुसती डाव्या पायावर तोलून धरत होतं.
एकदा नव्हे. वर्षानुवर्षं.
फ्लायव्हीलचे पंच्याण्णव वाढले.
कर धरून पाचशे सत्तेचाळीस.
फोनवर आकडा सांगताना मी उगाच खोकलो.

त्या स्वतः आल्या, दोन बस बदलून.
तीस वर्षं लोकरीच्या गिरणीत
कापडातले दोष हातानं शोधण्याचं काम केलेलं.
प्लेट उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला,
"इथं विरलंय," म्हणाल्या.
मी विचारलं, चढावर अशी का धरायचात?
हँडब्रेक चांगला आहे, परवाच तर मी बदललाय.

"डायलिसिसच्या दाराशी थांबू देत नाहीत.
ब्रेकचे दिवे लागले की गार्ड यायचा,
गाडी सरकतेय असं दिसायला हवं.
झेफेरिनोला दारापासून गाडीपर्यंत यायला
अकरा मिनिटं लागायची.
शेवटी शेवटी सतरा.
मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार वर्षं."

मी मनात हिशेब केला, मला तेवढाच येतो:
सहाशेच्या वर खेपा,
सव्वाशे तास अर्ध्यावर धरलेला पाय.
एवढ्यात ट्रकचाही क्लच जळाला असता.
कधी गेले ते मी विचारलं नाही.
"लागायची" म्हणाल्या, त्यात आलं.

तीनशे रोख मोजले, उरलेले दोन महिन्यांत.
रुइनं विचारलंच, आता कुठं जाता गाडीनं?
कार्टं.
"सध्या कुठंच नाही," त्या म्हणाल्या. "किल्ली द्या."

नवा क्लच खाली पकडतो, हे मी सांगितलं होतं.
जुना अगदी वर, पाय सुटता सुटता पकडायचा.
अंगणातच गाडी बंद पडली.
पुन्हा पडली.
तिसऱ्यांदा रुइ पुढे होऊ लागला,
मी त्याची बाही धरली.
काचेतून दिसत होतं, त्या खाली बघत होत्या,
पायाकडे,
खूप वेळ.

मग गेल्या. फाटकाबाहेर, चढाला.
वर चर्चच्या वळणावर समोरून बस आली,
रस्ता अरुंद, कुणीतरी थांबायलाच हवं,
आणि क्लिओचे मागचे लाल दिवे लागले.
दोन्ही.
डावा जरा मंद आहे. पुढच्या खेपेला बघतो.