आजारी कोन शे?

पहाटे तीनला बरणीचं झाकण आपोआप वर येतं.
एप्रिलात पीठ थांबत नाही कुणासाठी.
माठाशेजारी, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं
तरी कडेवरून उतरायला बघणाऱ्या पोरासारखं
बाहेर लोंबकळतं.
पुस्तकात लिहिलंय, बारा तास.
पुस्तक लिहिणाऱ्यानं अमळनेर पाहिलेलं नाही.

दादर मारवडची, काळ्या रानातली.
चक्कीवाला निंबा म्हणाला होता,
"दादरची भाकर होते, ताई. पाव नाही. ताण नाही तिच्यात."
खरं होतं त्याचं.
पहिले अकरा पाव विटा झाले.
त्यातली एक अजून आहे,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.
मग तीन वाट्या गहू, एक वाटी दादर,
आणि पुढचं हातांनी हातांना सांगितलं.

ओव्हन बंद पडलेल्या कुकिंग क्लासमधला,
काटा वीस अंशांनी खोटं बोलतो.
त्याच्या पोटात द्वारकाबाईंचं तडकलेलं खापर.
लग्नाघरचे मांडे करायच्या त्या.
फेकायलाच निघाल्या होत्या.
म्हणाल्या, मांडा नाही झेलणार आता,
पण धग विसरलेलं नाही ते. ने.

सहाच्या धुळे गाडीत दोन पाट्या.
कंडक्टर पाट्यांचं तिकीट फाडत नाही,
उतरताना एक बन घेतो,
तेच तिकीट.

देवपुरात, शाळेच्या मैदानावर, रविवारी
माझ्या एका बाजूला हिरव्या वांग्यांचा ढीग,
दुसऱ्या बाजूला शिरपूरच्या डोंगरातली रायलीबाई पावरा,
चारोळी, अंबाडी आणि मांडीवर नातू.
मी गिऱ्हाइकाची वाट बघते,
गिऱ्हाईक पाव बघतं.

"हाई काय शे?"
पाव.
"आजारी कोन शे?"

दर रविवारी, दहा जण तरी.
कारण पाव म्हणजे सिव्हिलच्या फाटकाबाहेरचा,
दुधात बुडवायचा, सलाइनच्या बाटलीखाली चमच्यानं भरवायचा.
धडधाकट माणसानं पाव न्यावा
म्हणजे घरात काहीतरी लपवलं जातंय.
मी हसते. कोणी नाही हो, शेवभाजीशी खाऊन बघा.
ते वांगी घेऊन जातात.

एकानेच उत्तर दिलं होतं.
भटू आप्पा, टपालखात्यातून निवृत्त,
सायकलच्या हँडलला कापडी पिशवी.
"आजारी शे. घरनी."
अंगठ्यानं पाव दाबून पाहायचे,
पपई पाहावी तसा.
मग म्हणायचे, कड कापी दे, तिला चावत नाही.
मी कड कापायची.
ती कड रायलीबाईचा नातू चघळायचा,
त्याला दात येत होते.
सहा रविवार.

मग दोन रविवार सायकल नाही.
मी त्यांचा पाव बाजूला ठेवला,
उन्हात कडक झाला, बसमध्ये कंडक्टरला दिला.

तिसऱ्या रविवारी आले.
मी न विचारता सुरी उचलली.
"कापू नको."
सुरी हातातच.
"आते कोनी आजारी नही," म्हणाले.
"कडसगट दे. मी खासू."

आणि तिथेच, उभ्यानं, सायकल मांडीला टेकवून
त्यांनी तो तोडला.
कड मोडल्याचा आवाज आला.
दोन वर्षं पाव विकतेय,
आवाज ऐकला नव्हता.
लोक घरी नेतात, घरी खातात,
किंवा खात नाहीत, मला काय कळणार.
ते हळूहळू चावत राहिले,
जबड्यापाशी एक शीर हलत होती.
रायलीबाईनं नातवाचं तोंड दुसरीकडे वळवलं.
त्यानं परत वळवलं.

"कडू शे थोडी," म्हणाले.
करपलीय, आप्पा. लाइट गेली होती, अंदाजानं काढला.
"राहू दे."
पिशवीची घडी करून खिशात ठेवली.
वीस रुपये जास्तीचे माझ्याकडे राहिले,
परत द्यायचं सुचलं तोवर सायकल फाटकाबाहेर.

घरी आले तर बरणी उतू गेलेली,
ओट्यावरून खाली, फरशीच्या फटीत.
पुसलं.
चमचाभर ठेवलं. पीठ, पाणी.
उद्याची ऑर्डर एकच:
बिनअंड्याचा केक, अर्धा किलो,
वर नाव घालायचंय, अजून कळवलेलं नाही.